‘अर्थ कळला ना?’ हा युक्तिवाद नव्हे

आमच्या कार्यालयातील एका तरुण सहकाऱ्याने मागील महिन्यात एक उद्योग केला. एका मुक्त संगणकप्रणालीची मराठी मार्गदर्शिका वाचत असता त्याला ‘सुचना’, ‘पुर्ण’, ‘माहीती’, ‘अद्यावत’ असे शब्द पानोपानी आढळले. त्याने पृष्ठ, ओळ, चुकीचे रूप आणि योग्य रूप अशी रीतसर यादी करून ती संबंधितांकडे पाठवली. उत्तर दोन ओळींचे आले. अर्थ कळतो आहे, तेव्हा किरकोळ दुरुस्त्यांत आमचा वेळ घेऊ नये, ही पहिली ओळ. तुमच्या बेळगावकडची मराठी निराळी असेल, ही दुसरी.

दुसऱ्या ओळीचा समाचार शेवटी घेऊ. आधी पहिली ओळ तपासू, कारण सामान्य सभ्य माणसेही ती प्रामाणिकपणे उच्चारतात.

छापील पुस्तकात ‘सूचना’ हा शब्द ‘सुचना’ असा पडला तर वाचकाचा डोळा ठेचाळतो आणि पुढे जातो. संगणकावरील मार्गदर्शिका मात्र कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही. अडलेला माणूस शोधचौकटीत शब्द लिहितो आणि त्या शब्दावर जिथे जाऊन पडेल तिथून वाचू लागतो. साधा शोध अक्षराला अक्षर जुळवतो. शाळेत शिकवलेले ‘सूचना’ हे रूप ज्याने लिहिले, त्याला ‘सुचना’ असे छापलेले प्रकरण सापडतच नाही. म्हणजे चूक मार्गदर्शिकेची आणि दंड शुद्ध लिहिणाऱ्याला! हा न्याय कोणत्या संहितेतला?

याहून कपटी चूक डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲप’मधील आद्याक्षरासाठी युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत आहे. तो यायच्या आधीपासून पुष्कळांना ‘अ’ लिहून त्यावर चंद्र जोडण्याची सवय आहे. ‘ऑफिस’मधील ‘ऑ’चीही तीच कथा. पडद्यावर दोन्ही रूपे बहुधा सारखीच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते दोन भिन्न शब्द आहेत. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत स्वयंपाकी आणि गुरुवर्य एवढे अंतर आहे. ते अंतर राखणारा आपला अर्धा ‘र’ही दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. एका मार्गदर्शिकेत दोन्ही क्रम मिसळले की शोध अर्धा आंधळा होतो. ‘अर्थ कळला ना?’ असे विचारणाऱ्याने यंत्राला तो अर्थ कळतो काय, हे एकदा पाहावे.

‘किरकोळ’ या शब्दाविषयी आम्हां वकिलांना थोडे बोलण्याचा अधिकार आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या कलम १५२ अन्वये निकालपत्रातील, हुकूमनाम्यातील वा आदेशातील लेखनाची किंवा आकडेमोडीची चूक न्यायालयाला केव्हाही सुधारता येते. कोणी अर्ज केला तर अर्जावरून, न केला तर आपण होऊन. त्यासाठी अपील नको, पुनर्विलोकन नको. कायद्याने ही दुरुस्ती सोपी केली, कारण हुकूमनाम्यात गट क्रमांकाचा एक आकडा चुकला तरी अंमलबजावणीच्या वेळी पक्षकार दारात अडतो, हे त्याला ठाऊक आहे. दुरुस्ती लहान म्हणून ती नाकारावी, असे कायदा म्हणत नाही. ती लहान आहे, म्हणूनच ती विनाविलंब व्हावी, असे म्हणतो.

लहान चूक वेळीच न सुधारल्यास काय होते, याचा पुरावा संगणकविश्वातच आहे. वेबचे दळणवळण ज्या एचटीटीपी नियमांवर चालते, त्यांत मागील पानाचा पत्ता सांगणाऱ्या एका शीर्षकाच्या नावात इंग्रजी ‘रेफरर’ शब्दातला एक ‘आर’ गळला. १९९६ च्या नियमपत्रात ते रूप तसेच गेले. आज प्रत्येक ब्राउझर तेच अशुद्ध रूप पाठवतो. कारण आता ते सुधारले तर जगभरच्या प्रणाली अडखळतील. युनिक्समधील ‘क्रिएट’ या आज्ञेचा शेवटचा ‘ई’ असाच कायमचा हरवला. मार्गदर्शिकेतील चूक आज एका ओळीत सुधारते. उद्या तिच्यावर दहा गोष्टी उभ्या राहिल्या की ती परंपरा होते.

प्रतिपक्षाची एक बाजू मात्र आम्ही मान्य करतो. २०२० साली ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात बक्षिसाचा सदरा मिळावा म्हणून असंख्य लोकांनी निरर्थक बदल पाठवले. प्रकल्प सांभाळणारे स्वयंसेवक इतके त्रासले की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलून, प्रकल्पाने स्वतः संमती दिली तरच त्याला सहभागी धरावे लागले. फुकट काम करणाऱ्या माणसाच्या दारात कचरा टाकणे हा अपराधच आहे. पण खोटे दावे दाखल होतात म्हणून न्यायालयाचे दार कोणी बंद करीत नाही. दाव्याची छाननी करतात. लिनक्सच्या गाभ्याबरोबर नेहमीच्या चुकांची एक यादीच ठेवलेली असते आणि नवा बदल तिच्याशी ताडून पाहिला जातो. डेबियनचे तपासणीचे साधनही शब्दलेखनातील चुका दाखवते. ज्यांचे काम जगात सर्वांत गंभीर मानले जाते, त्यांना जे किरकोळ वाटले नाही, ते आमच्या मराठी अनुवादकांना का वाटावे?

दुरुस्ती करण्याचीही एक रीत असते आणि ती इंग्रजीवाल्यांनीही शिकावी. अनुवादाच्या पीओ फाइलमध्ये इंग्रजी वाक्य हीच किल्ली असते आणि तिच्याखाली मराठी वाक्य लिहिलेले असते. मूळ इंग्रजीतील एक अक्षर सुधारले तरी साधन जुन्या अनुवादावर ‘फझी’ असा शिक्का मारते आणि नेहमीच्या रीतीने तो वापरातून वगळते. इंग्रजी शुद्ध झाली, पण मराठी वाचकासमोर मराठीच्या जागी इंग्रजी वाक्य आले! यावर उपाय आहे. पीओ-फोर-ए या संचातील एमएसजी-अनटायपॉट हे साधन नेमके याच कामासाठी आहे. मूळातली दुरुस्ती ते सर्व भाषांच्या फाइलींत पोहोचवते आणि अनुवाद शाबूत ठेवते. साधन असून वापरत नाहीत, याला तांत्रिक अडचण म्हणत नाहीत.

आता ती दुसरी ओळ. होय, आमच्या बोलण्यात कानडीचा हेल आहे, आणि त्याची आम्हांला लाज नाही. पण प्रश्न बोलीचा नव्हता, लेखनाचा होता. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केले. १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. ज्या राज्यात १९५६ नंतर आम्हांला स्थान मिळाले नाही, त्या राज्याने मान्य केलेले नियम आम्ही कोणाच्या सक्तीवाचून पाळत आलो. नियम बदलावेत असे कोणाला वाटत असेल, तर त्याने तसा वाद उघडपणे मांडावा. आम्ही तो ऐकू. ‘पुर्ण’ हे मात्र नव्या नियमाचे रूप नाही. ते निष्काळजीपणाचे रूप आहे.

आणि आम्ही एवढे का अडून बसतो? सरकारी कागद मराठीत मिळावा म्हणून आमच्या तीन पिढ्यांनी अर्ज लिहिले. आमच्या मुलांना घरच्या भाषेतली फलक-सूचना क्वचित दिसते. त्यांच्या हातातला पडदा हीच अशी एक जागा आहे, जिथे कोणाच्या परवानगीवाचून मराठी उमटते. तिथे जे रूप दिसेल, तेच त्यांच्या लेखी प्रमाण ठरेल. पुण्यातल्या मुलाला चुकीचे रूप दिसले, तर ते खोडून काढायला शंभर पाट्या आणि पुस्तके आहेत. आमच्या मुलाला दुसरा साक्षीदार नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक मराठी अनुवादगटाने दुरुस्तीची यादी स्वीकारण्याचा एक ठरलेला मार्ग ठेवावा. आलेली यादी गुणावगुणांवर तपासावी. पाठवणाऱ्याचा तालुका विचारू नये. ‘ॲ’, ‘ऑ’ आणि अर्धा ‘र’ यांचा एकच संकेतक्रम ठरवून सर्व फाइली त्याप्रमाणे एकदा धुऊन काढाव्यात. आणि पाठवणाऱ्यांनीही सुटी अक्षरे एकेक करून न धाडता, प्रकरणवार एकत्रित आणि कारणासह यादी द्यावी.

आमच्या सहकाऱ्याची यादी आम्ही पुन्हा पाठवली आहे. या खेपेस प्रत्येक शब्दापुढे नियमाचा क्रमांक घातला आहे, आणि खाली पत्ता लिहिला आहे: बेळगाव.