हात कुणाच्या बाजूने पाहायचा?

तळहात दिसत असेल तर हाताचं चिन्ह पोकळ ठेवायचं, मागची बाजू दिसत असेल तर काळं भरायचं. हात कडेने दिसत असेल तर अर्धं पांढरं, अर्धं काळं. खुणांची भाषा कागदावर उतरवणाऱ्या ‘साइनरायटिंग’ लिपीचा हा अगदी सुरुवातीचा धडा. पाच मिनिटांत येतो. पण तळहात दिसतो तो कुणाला? खूण करणाऱ्याला की समोरून बघणाऱ्याला? या प्रश्नापायी ही लिपी एकदा चक्क उलटी फिरवावी लागली.

तिची जन्मदाती व्हॅलरी सटन ही नर्तकी. नाच ध्यानात राहावा म्हणून तिने स्वतःपुरती एक टिपणपद्धत तयार केली होती. १९७० मध्ये ती डेन्मार्कला गेली, ती रॉयल डॅनिश बॅलेत नाच शिकायला, आणि तिथली जुनी परंपरा तिने याच पद्धतीने टिपून घेतली. तिथे १९७४ साली कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी तिला विचारलं, व्हिडिओतले हातवारेही असेच लिहून देशील का? भाषाशास्त्राशी तिचा संबंध नव्हता. माझ्या मते ते बरंच झालं.

कारण भाषाशास्त्रज्ञांनी हा प्रयत्न आधीच केला होता, आणि तो साधासुधा नव्हता. अमेरिकेतल्या गॅलोडेट महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या विल्यम स्टोको यांनी १९६० साली खुणेची फोड केली : जागा, हाताची ठेवण, हालचाल. हातवारे म्हणजे भाषाच, हे त्यातून सिद्ध झालं. कार्ल क्रोनबर्ग आणि डॉरोथी कॅस्टरलाइन या दोन कर्णबधिर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९६५ मध्ये शब्दकोशही काढला. चिन्हं फक्त पंचावन्न, पण त्यांत चेहऱ्यावरचे हावभावच नाहीत. खुणांच्या भाषेत वाक्य प्रश्न आहे की विधान, हे अनेकदा भुवया सांगतात. काय वगळलं तरी चालेल हे शास्त्रज्ञाला ठाऊक असतं, नर्तकीला ते ठाऊक नसतं. सटनच्या लिपीत भुवया, गाल, ओठ, खांदे सगळे आले. पुढे जर्मनीत हॅम्बुर्गच्या विद्वानांनी स्टोकोंच्या वाटेने आणखी काटेकोर पद्धत घडवली. संशोधनाला ती फार उपयोगी. मात्र तिच्यात कुणी प्रेमपत्र लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पण सटनही लिहायची ती व्हिडिओ पाहणाऱ्याच्या बाजूने. १९८१ पासून या लिपीत एक वृत्तपत्र निघू लागलं, त्यासाठी कर्णबधिर माणसं स्वतः लिहायला बसली आणि घोटाळा उघड झाला. आपलं बोलणं लिहायचं तर आपला हात आपल्याला दिसतो तसाच काढायला हवा. समोरच्याला दिसणारा आपला हात काढत बसणं म्हणजे आरशात बघून सही करणं! लेखन फिरवलं गेलं. नंतर ओळीही आडव्याच्या उभ्या झाल्या.

मग संगणकवाले आले. २०१५ मध्ये युनिकोड या संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात या लिपीची ६७२ चिन्हं दाखल झाली. तरी काम अर्धंच झालं. डोकं वर, हात खाली, बाण बाजूला, ही मांडणी नुसत्या क्रमवार संकेतांत बसत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक पडद्यावर धड दिसावा म्हणून कोण कटकट सोसलेल्या मराठी माणसाला हे दुखणं समजावून सांगायला नको. आपल्या अक्षरांना ओळीत बांधायला निदान शिरोरेषा तरी आहे. युनिकोडची वाट न पाहता ब्राझीलमध्ये मारियान स्टुम्फ यांनी २००५ सालीच या लिपीच्या शिक्षणावर, कागदावरच्या आणि संगणकावरच्या, प्रबंध लिहिला. त्या स्वतः कर्णबधिर आहेत.

आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने दहा हजार शब्दांचा कोश केला. मोठं काम, पण ते व्हिडिओंचं आहे. व्हिडिओत समास नसतो, त्यावर खाडाखोड करता येत नाही, आणि निनावी तक्रार लिहावी तर चेहरा दिसतो. उद्या आपल्या खुणांसाठी लिपी ठरवायला समिती बसलीच, तर तिच्यात भाषाशास्त्रज्ञ असतील, संगणकतज्ज्ञ असतील, दुभाषाही असेल. कर्णबधिरांना बोलावतील ते बहुधा शेवटच्या बैठकीला, ‘अभिप्राया’साठी. तोवर तळहात पांढरा की काळा, हे ठरून गेलेलं असेल.