आधी जागा, मग लेन्स

हिवाळा सुरू झाला की आपल्यापैकी अनेकांची पावले दिल्लीकडे वळतात. कोणी स्मारकांसाठी जातो, कोणाला छत्तरपूरच्या फार्महाऊसवरची लग्ने मिळतात, तर गुरुग्राम-नोएडात स्थिरावलेल्या काही मराठी व्यावसायिकांचे घर सदनिकांच्या आणि हॉटेलांच्या कामावर चालते. या तिन्ही ठिकाणी बॅगेतून लवकर बाहेर निघते ती १४ ते २० मिलिमीटरची अल्ट्रा-वाइड लेन्स. आता तर बऱ्याच मोबाईलवर ‘०.५’ दाबले की साधारण १३ मिलिमीटरच्या तोडीचा कोन कोणालाही मिळतो. त्यामुळे ‘हिच्यात जास्त मावते’ एवढ्यावर आपण ग्राहकाकडे पैसे मागू शकत नाही. आपले कौशल्य कुठे दिसणार, हे नव्याने ठरवायला हवे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: उभे कुठे राहायचे ते आधी ठरवा, लेन्स नंतर निवडा. पुढच्या आणि मागच्या वस्तू एकमेकींच्या मानाने केवढ्या दिसतील, हे ठरते ते उभे राहण्याच्या जागेवरून. एकाच जागेवरून १४ आणि २४ मिलिमीटरने टिपा, १४ चे चित्र २४ च्या मापाने कापा. दोन्हींत वस्तूंची मांडणी तंतोतंत जुळेल. अल्ट्रा-वाइड लेन्स आपल्याला जवळ जायची मुभा देते. ती मुभा कशासाठी वापरली, यावर चित्राचे बरेवाईट ठरते.

जंतरमंतरवर हे चांगले शिकता येते. सवाई जयसिंहांनी १७२४ मध्ये उभारलेल्या या वेधशाळेतल्या सम्राट यंत्राची तिरकी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे; तिचा कोन म्हणजे दिल्लीचे अक्षांश, सुमारे २८.६ अंश. या वास्तूत कोन हाच सगळा अर्थ आहे. तिच्या त्रिकोणी भिंतीला सेन्सर समांतर ठेवला, तर १४ मिलिमीटरनेही तो कोन चित्रात अचूक उतरतो, अगदी फ्रेमच्या कडेलासुद्धा. सरळ रेषा सरळ राखणाऱ्या लेन्सचा हा गुणच आहे: सेन्सरला समांतर असलेला सपाट पृष्ठभाग ती बिघडवत नाही. कॅमेरा जरा वर वळवला की मात्र कोन बदलला, आणि यंत्राचे नुसते नाटकी जिने झाले.

गोलाकार वस्तूंचे तसे नाही. हुमायूनच्या मकबऱ्याचा घुमट फ्रेमच्या कोपऱ्याकडे सरकला की अंड्यासारखा ताणला जातो. त्याची जागा मध्यावर किंवा मध्याजवळ. लग्नातल्या समूहचित्राचेही हेच. १४ मिलिमीटरच्या आडव्या फ्रेममध्ये अगदी कडेला उभ्या असलेल्या माणसाचे डोके उंचीच्या मानाने सुमारे १.६ पट रुंद होते; २४ मिलिमीटरवर हेच ताणणे सुमारे १.२५ पट असते. नवरीच्या आजी कडेला उभ्या असतील तर त्यांना आत घ्या आणि कडेला मंडपाची कनात येऊ द्या. जागा असेल तर चार पावले मागे जाऊन २४ किंवा ३५ लावावी, हे त्याहून बरे.

कुतुबमिनारची अडचण आणखी वेगळी. मिनार ७२.५ मीटर उंच, पायथ्याशी व्यास १४.३ मीटर आणि माथ्याशी २.७. म्हणजे तो मुळातच निमुळता आहे. जवळून कॅमेरा वर वळवला की रेषा आणखी आत झुकतात, आणि कारागिरांनी दिलेला निमुळतेपणा किती व आपण घातलेला किती, हे पाहणाऱ्याला कळत नाही. कॅमेरा समपातळीत ठेवून १४ मिलिमीटरच्या उभ्या फ्रेममध्ये पूर्ण मिनार घ्यायचा तर साधारण ५५ मीटरवर उभे राहावे लागते. २४ ला सुमारे ९५ मीटर लागतात. अशा वेळी मिनार फ्रेमच्या वरच्या अर्ध्यात येतो आणि खालचा अर्धा भाग जमिनीला जातो. तो रिकामा सोडायचा नाही. कुतुब परिसरात कोरीव खांब, भग्न कमानी, दगडी फरसबंदी यांची वाण नाही. त्यांतले काही अर्थपूर्ण पुढे येईल अशी जागा शोधण्यातच सकाळ घालवावी. शिफ्ट लेन्स असेल तर खालची जमीन कमी करता येते. नसेल तर नंतर कापावी, पण कॅमेरा सरळच ठेवावा.

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते. म्हणून हे गणित पाठ हवे: फुल फ्रेमवर १४ मिलिमीटर, एफ/८, फोकस सुमारे ८३ सेंटिमीटरवर, साधारण ४२ सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत नेहमीच्या आकाराच्या प्रिंटला पुरेशी स्पष्टता मिळते. मोठी प्रिंट काढायची असेल तर फोकस सव्वा मीटरच्या आसपास ठेवावा.

आता मुख्य मुद्दा. गुरुग्राम, नोएडा, ग्रेटर नोएडातल्या सदनिकांची छायाचित्रे पाहा. दहा बाय बाराची खोली सभागृहासारखी दिसते. यामागचे कारण प्रत्येक व्यावसायिकाला नीट समजले पाहिजे. १४ मिलिमीटरने घेतलेली आडवी फ्रेम बारा इंच रुंद छापली, तर ती सुमारे १२ सेंटिमीटरवरून पाहिली तरच खोलीची लांबी खरी वाटते. मोबाईलच्या ७ सेंटिमीटर रुंदीवर तेच अंतर ३ सेंटिमीटरहूनही कमी होते. इतक्या जवळून कोणी पाहत नाही. हातभर अंतरावरून पाहिल्यावर समोरची भिंत दूर पळते आणि खोली लांबच लांब होते. पलंगाचा कोपरा लेन्सला चिकटून ठेवला की ही फसगत दुप्पट होते. आयुष्यभराची बचत घालणारे कुटुंब हे चित्र पाहून घर बघायला येते, कधी कधी न बघताच आगाऊ रक्कम भरते.

२०१६ च्या रेरा कायद्याचे कलम १२ इथे लक्षात ठेवावे. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिकेतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचे नुकसान झाले, तर भरपाईची जबाबदारी प्रवर्तकावर येते. छायाचित्रकाराचे नाव त्या कलमात नाही. तरीही फ्रेम आपण लावलेली असते, आणि तिने काय होते हे त्या खोलीत आपल्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

लहान खोलीला रुंद लेन्स लागतेच, हे मान्य. पण किती रुंद? फुल फ्रेमवर १८ मिलिमीटरचा आडवा कोन बरोबर ९० अंश, म्हणजे खोलीच्या कोपऱ्याचा काटकोन. कोपऱ्यात पाठ टेकून उभे राहिलात तर दोन्ही बाजूंच्या भिंतींमधली जागा त्यात येते. त्याहून रुंद जायची गरज क्वचितच. कॅमेरा छातीच्या उंचीवर, समपातळीत. जवळ काही ठेवायचे नाही. दरवाजा पूर्ण दिसू द्यायचा आणि फरशीचे सांधे मोजता येतील असे ठेवायचे, म्हणजे पाहणारा स्वतः माप लावू शकतो. बिल्डर ‘अजून मोठी दाखवा’ म्हणाला तर त्याला दुसरी फ्रेम दाखवा: खिडकीतला प्रकाश, स्वयंपाकघराकडे जाणारी नजर. घर विकायला या गोष्टीही पुरतात.

प्रमाणाचा हा आग्रह का धरायचा, याचे उत्तर दिल्लीतच आहे. प्रगती मैदानावरचे राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांचे १९७२ चे हॉल ऑफ नेशन्स एप्रिल २०१७ मध्ये पाडले गेले. मदन महत्ता यांच्यासारख्यांनी घेतलेली छायाचित्रेच आज ती वास्तू पाहण्याचा मार्ग आहेत. आपण टिपतो त्यातले काय उद्या उरणार नाही, हे टिपताना माहीत नसते. म्हणून प्रत्येक फ्रेम पुरावा म्हणून उभी राहील, इतकी सच्ची असावी.

पुढच्या अंकापासून वास्तूंच्या आणि अंतर्गत सजावटीच्या प्रत्येक छायाचित्राखाली लेन्सच्या मापाबरोबर कॅमेऱ्याची उंची आणि मुख्य विषयापासूनचे अंतरही आम्ही छापणार आहोत. चित्रे पाठवताना ही तीन मापे सोबत लिहून पाठवावीत. ज्यांच्यासोबत ती नसतील, त्या चित्रांचा निवडीसाठी विचार होणार नाही.