खुराड्यांतील ऊब

नाशिकची थंडी प्रसिद्ध आहे, आणि तिची प्रसिद्धी द्राक्षांनीं वाढविली आहे. डिसेंबर लागला कीं निफाडचा पारा रोज वर्तमानपत्रांत छापून येतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रांत तो दोन अंशांच्याही खालीं उतरला. अशा रात्रीं बागाईतदार झोपत नाहींत. द्राक्षांच्या ओळींतून शेकोट्या पेटतात, धूर केला जातो, पहाटे ठिबकाचें पाणी सोडलें जातें. कारण मणी तडकला म्हणजे वर्षाची कमाई गेली. त्यांच्या श्रमांविषयीं मला आदरच आहे. परंतु त्याच मळ्यांत, घराच्या पडवीला लागून, एखाद्या खुराड्यांत दहा-बारा कोंबड्या बसलेल्या असतात. त्यांची विचारपूस त्या रात्रीं कोण करतें? बहुधा घरांतील बाई, नाहीं तर एखादें मूल. जें करावयाचें तें तीं मायेनें करतात. आणि ही माया पुष्कळदां कोंबड्यांच्याच जिवावर उठते, असें माझें अनुभवानें मत झालें आहे.

आधीं माझाच अपराध सांगतों. माझें बालपण निफाड तालुक्यांतील एका खेड्यांत गेलें. आईच्या अकरा कोंबड्या होत्या. अंड्यांचा पैसा हा तिचा स्वतःचा. शेताच्या हिशेबांत तो कधीं धरला जात नसे. माझ्या वह्या, पुस्तकें, बहिणीच्या बांगड्या हें सर्व त्यांतून निघे. मी सातवींत असतांना जानेवारींत एके रात्रीं विलक्षण गारठा पडला. आई मामाकडे गेली होती व कोंबड्यांचा भार माझ्यावर होता. कांदाचाळीवरची जुनी ताडपत्री मीं ओढून आणली, खुराडें तिनें चारी बाजूंनीं आवळून बांधलें, आणि तेवढ्यानें समाधान न होऊन चुलींतले निखारे एका फुटक्या घमेल्यांत घालून तें आंत सरकविलें. आपण मोठें पुण्यकर्म केलें अशा समजुतीनें मी झोपीं गेलों. सकाळीं ताडपत्री सोडली, तों सात कोंबड्या दांडीखालीं मरून पडलेल्या. उरलेल्या चार माना टाकून बसल्या होत्या.

"थंडीनें मेल्या," असें सर्वांनीं म्हटलें, आणि मींहि तेंच म्हटलें. एक गोष्ट मात्र मनांत राहून गेली. मेलेल्या कोंबड्यांचे तुरे काळे-निळे पडले नव्हते. ते चांगले लाल होते. पुष्कळ वर्षांनीं एका पशुवैद्यांपाशीं ही हकीकत सहज निघाली, तेव्हां ते म्हणाले, "गुरुजी, त्या थंडीनें नाहीं मेल्या, तुमच्या निखाऱ्यांनीं मेल्या." कोंडलेल्या जागेंत कोळसा धुमसूं लागला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायू उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील प्राणवायूची जागा तो बळकावून बसतो, आणि रक्त लालभडक दिसत असतांच प्राणी गुदमरून मरतो. बंद खोलींत शेगडी घेऊन निजणारीं माणसेंहि याच वायूनें मरतात, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें. असो. त्या वर्षीं मला पुस्तकें दुसऱ्याचीं जुनीं वापरावीं लागलीं, आणि आई मला एक शब्दहि बोलली नाहीं. ती बोलली असती तर बरें झालें असतें.

वस्तुतः थंडी सोसण्याची सोय निसर्गानेंच कोंबडीच्या अंगावर केलेली आहे. तिच्या शरीराची उष्णता सुमारें ४१ अंश, म्हणजे आपल्याहून चार अंशांनीं अधिक. थंडी वाजली कीं ती पिसें फुलविते. पिसांखालच्या मऊ लवेंत हवा कोंडली जाते आणि ती हवा रजईचें काम करते. ही रजई दोनच गोष्टींनीं निकामी होते : एक ओल, आणि दुसरी अंगावर थेट येणारा वाऱ्याचा झोत. कोरड्या व आडोशाच्या जागीं बसलेल्या धडधाकट कोंबडीला निफाडची थंडी मारूं शकत नाहीं.

हें कोणास अतिशयोक्तीचें वाटेल, म्हणून दूरचा दाखला देतों. कॅनडांतील क्विबेक प्रांतांत हिवाळ्यांत पारा शून्याखालीं वीस-पंचवीस अंश जातो. तेथें ओका येथील मठांत ब्रदर विल्फ्रेड शातलें नांवाचे ख्रिस्ती संन्यासी होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं अनेक जातींचा संकर करून 'शांतक्लेर' नांवाची कोंबडी सिद्ध केली व १९१८ मध्यें ती लोकांपुढें आणली. तिचा तुरा आणि गळ्याखालचें लोंबतें मांस त्यांनीं इतकें लहान ठेविलें कीं हिमानें गोठावयास तेथें कांहीं उरूंच नये. तिकडे अमेरिकेंत डॉ. प्रिन्स वुड्स यांनीं १९१२ मध्यें एक पुस्तकच लिहिलें, आणि खुराड्याची एक बाजू कडक हिवाळ्यांतहि उघडी ठेवावी असा पुरस्कार केला. बर्फांत राहणाऱ्यांनीं खुराडें उघडें ठेवावें, आणि आम्हीं, ज्यांच्याकडे दुपारीं ऊन चटका देतें, तें ताडपत्रीनें शिवून टाकावें! निफाड तालुक्यांतच नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयावर दर हिवाळ्यांत उत्तरेकडून चक्रवाक, थापट्या असे पाहुणे पक्षी येतात, ते ऊब शोधीत येतात. ज्या निफाडच्या नांवानें आपण कुडकुडतों, तेंच त्यांचें उबदार आजोळ.

मग खुराडें बंद केल्यानें होतें काय? कोंबड्या रात्रभर श्वासावाटे वाफ सोडतात, विष्ठेंतूनहि ओल येते. ती बाहेर न जाईल तर पहाटे छताला दंव धरतें व तेंच पाठीवर टपकतें. शिवाय ओल्या विष्ठेंतून अमोनिया सुटतो. त्यानें डोळे पाणावतात, शिंका येतात, छाती भरते. चार दिवसांनीं कोंबडी एका कोपऱ्यांत मान आंखडून बसली म्हणजे आपण म्हणतों, हिला थंडी बाधली, आणि आणखी एक गोणपाट टाकतों. कोंबडें झांकलें म्हणून उजाडायचें राहत नाहीं, अशी म्हण आहे. ती खरीच, परंतु अशा रीतीनें झांकलेलें कोंबडें तें उजाडलेलें पाहील, याचा भरंवसा मात्र नाहीं.

परीक्षा सोपी आहे. पहाटे खुराड्याचें दार उघडावें, गुडघे टेकून आपलें नाक कोंबडीच्या उंचीवर न्यावें आणि श्वास घ्यावा. नाक झोंबलें, तर तुम्हांस जें क्षणभर सोसत नाहीं तें तिनें रात्रभर सोसलें. उत्तरेकडून वारा येतो, त्या बाजूला दांडीच्या उंचीपर्यंत गोणपाट किंवा फळी लावावी. मात्र कोंबड्यांच्या डोक्यावर, छताखालीं, वीतभर फट आरपार राहूं द्यावी. तिला बारीक जाळी ठोकावी, कारण मुंगूस व बोका यांना वीत म्हणजे राजमार्ग आहे. (उसाच्या पट्ट्यांत बिबट्याहि येतो, त्याला जाळी पुरत नाहीं, तेथें भिंतच पाहिजे.) जमिनीवर चार बोटें भाताचें तूस पसरावें. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला भाताच्या गिरण्यांतून तें मिळतें. न मिळेल तर लाकडाचा भुसा चालतो. तें रोज खालींवर करावें, भिजलेलें काढून टाकावें. बसावयाची दांडी दोन इंच रुंद व चपटी असावी, म्हणजे पायाचीं बोटें पोटाच्या पिसांखालीं झांकलीं जातात.

पिलांची गोष्ट निराळी. त्यांना पिसेंच नसतात, म्हणून त्यांना ऊब हवीच : पहिल्या आठवड्यांत सुमारें ३५ अंश, आणि पुढें दर आठवड्यास सुमारें तीन अंश कमी. त्यासाठीं निखारे नकोत. पेटीवर टांगलेला विजेचा दिवा पुरे. पिलें दिव्याखालीं एकमेकांवर चढलीं तर त्यांना थंडी वाजते, दूर पळालीं तर उकडतें. खुडूक कोंबडी असेल तर दिवाहि नको. तिच्या पंखांची सर कोणत्याहि यंत्राला नाहीं.

खाण्यापिण्याचें थोडक्यांत सांगतों. अंगांत ऊब अन्नानें येते, म्हणून हिवाळ्यांत दाणा थोडा वाढवावा, आणि बाजरी किंवा भरडलेला मका मावळतीच्या आधीं द्यावा. गळ्याखालची थैली भरून कोंबडी बसली म्हणजे रात्रभर तें पचत राहतें. सकाळीं पाणी कोमट करून ठेवावें. गारठलेलें पाणी ती पीत नाहीं, आणि पाणी न प्यालेली कोंबडी नीट खातहि नाहीं.

अंडीं कमी झालीं म्हणून मात्र तिच्यावर रागावूं नये. कोंबडीचें अंडें उजेडावर चालतें; भरपूर अंड्यांस दिवसाकाठीं चौदा तास उजेड लागतो, आणि डिसेंबरांत नाशिकचा दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. पहाटे दिवा लावून कोणी तो वाढवितात. संध्याकाळीं लावूं नये. दिवा एकाएकीं गेला म्हणजे कोंबड्यांना दांडी सांपडत नाहीं. माझें मत विचाराल तर चार अंड्यांसाठीं घरच्या कोंबडीची विश्रांति मोडूं नये.

आतां पालकांशीं थोडें भांडण. खुराड्याचें काम तुम्ही मुलांना अधूनमधून हुकूम म्हणून सांगतां. "जा रे, कोंबड्या डाल," एवढेंच. कशासाठीं, कसें, हें कोणी सांगत नाहीं, आणि चुकल्यास सर्व दोष थंडीवर जातो. मीं केलें तें अशाच अज्ञानानें केलें. अभ्यास बुडतो हा आक्षेप मला ठाऊक आहे. तूस हालविण्यास व दाणा टाकण्यास पाव तास लागतो. मोबाईलपुढें किती जातो तें घरोघर माहीत आहे. आणि हें काम क्षुल्लक नव्हे. एटा येथील अमेरिकन मिशनचे रेव्ह. आर्थर स्लेटर यांनीं शंभर वर्षांपूर्वीं खेड्यांतील गरीब कुटुंबांकरितां कुक्कुटपालनाचें काम उभारलें, तें एवढ्याचसाठीं कीं ज्याला बिघाभर जमीन नाहीं त्यालाहि दहा कोंबड्या ठेवतां येतात. आमच्याकडे अंड्यांचा पैसा आईच्या चोळखणाच्या गांठीला असतो, आणि घर अडलें म्हणजे ती गांठ सुटते. त्या पैशाची वही मुलानें ठेवावी. आपली फी कोठून येते हें त्याला आपल्याच हस्ताक्षरांत वाचतां येईल.

एक गोष्ट उरली. थंडीच्या दिवसांत कधीं कधीं सबंध गल्लींतल्या कोंबड्या आठवड्यांत मरतात. मान वांकडी होते, विष्ठा हिरवी होते. ती मानमोडी. वैद्यकांत तिला राणीखेत म्हणतात. हिमालयांतील त्या थंड गांवाचें नांव तिला लागलें एवढेंच, रोग थंडीचा नसून विषाणूंचा आहे. त्यावर औषध नाहीं, लस आहे. पिलांना पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत किंवा नाकांत थेंब घालतात, आणि सुमारें आठव्या आठवड्यांत टोंचतात. अडचण अशी कीं लशीची एक कुपी शंभर किंवा अधिक कोंबड्यांना पुरणारी असते, ती बर्फांत ठेवून आणावी लागते, आणि फोडल्यावर दोन तासांत वापरून संपवावी लागते. पांच कोंबड्यांची बाई ती आणणार कशी? वीस घरें एकत्र आलीं तर मात्र दारागणिक चहाच्या पेल्याएवढाहि खर्च नाहीं. आपल्या शाळेंत गांवाकडून येणारीं मुलें पुष्कळ आहेत. त्यांनीं दिवाळीच्या सुट्टींत आपापल्या वस्तींतील कोंबड्या मोजून, घरांच्या नांवांसह यादी आणावी. बर्फाची पेटी घेऊन दवाखान्यांत जाण्याचें काम माझ्याकडे.