दुर्गाबाईंचा हेका

दरवर्षी २५ जून उजाडला की आणीबाणीच्या आठवणी निघतात आणि त्यांत दुर्गा भागवतांचे नाव हमखास येते. १९७५ चे कऱ्हाडचे साहित्य संमेलन, स्वागताध्यक्षपदी केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, आणि त्याच व्यासपीठावरून संमेलनाध्यक्ष दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाशांसाठी करविलेली प्रार्थना. एवढे सांगून वक्ते खाली बसतात. त्या काळात कारावास भोगलेल्यांना या प्रसंगाचे मोल सांगायला नको. परंतु ज्यांनी दुर्गाबाईंशी मैत्र जोडले, त्यांच्या मनातल्या बाई याहून कितीतरी मोठ्या आणि गमतीच्या होत्या. प्रतिभा रानडे यांनी त्यांच्याशी साधलेल्या संवादाच्या पुस्तकाला ‘ऐसपैस गप्पा’ हे नाव म्हणूनच शोभते.

जातककथा मराठीत आणणारी, थोरोच्या ‘वॉल्डन’चा अनुवाद करणारी ही विदुषी स्वयंपाकघरातही तितकीच रमे. पाककृतींवर तिने ‘खमंग’ हे पुस्तक लिहिले. वास्तविक अन्नानेच तिचा घात केला होता! तरुणपणी आदिवासी भागात संशोधन करताना विषारी सुरण खाण्यात आला आणि कित्येक वर्षे अंथरुणात गेली. दुसरी एखादी बाई आयुष्यभर ताटाकडे संशयाने पाहत राहिली असती. दुर्गाबाईंचे चवीवरचे प्रेम मात्र तसूभर उणावले नाही.

मुंबईच्या टाऊन हॉलच्या उंच पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन बसणे हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. संसार थाटला नाही. ग्रंथ हेच गणगोत. आणि एकदा ‘नाही’ म्हटले की नाहीच! पद्मश्री नाकारली, ज्ञानपीठही नाकारले. स्नेह्यांना हा हेका कधी जाचलाही असेल. पण कऱ्हाडला सत्तेसमोर उभा राहिला तो हाच हेका. एक हवा आणि दुसरा नको, असे म्हणता येत नाही.

त्या संघविचाराच्या होत्या, असा दावा कोणी करू नये. त्यांची अनेक मते या विचाराच्या वाचकांना मानवणारी नव्हती, आणि कोणाला बरे वाटावे म्हणून मत बदलणे त्यांच्या स्वभावात नव्हते. तरीही केवळ आपल्या सोयीपुरत्या दुर्गाबाई उचलायच्या आणि उरलेल्या विसरायच्या, हा त्यांच्यावर अन्यायच होय.

७ मे २००२ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. पुढच्या जूनमध्ये एखाद्या वक्त्याने कऱ्हाडनंतर ‘खमंग’मधले पानभर वाचून दाखवावे. मागच्या रांगेत बसलेल्या गृहिणीही मान वर करून ऐकतील.