विश्लेषण : सॉफ्टवेअर डेव्हलपरसाठी अनुभव मोठा की तांत्रिक ज्ञान?

कॅम्पस मुलाखतीत प्रश्न असतात डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमवर. पहिली नोकरी बदलताना मात्र ‘प्रत्यक्ष काय काम केले?’ असे विचारले जाते. नोकरी नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, या पेचात नवोदित अडकतात. कामात नेमके काय उपयोगी पडते, हे १९ जुलै २०२४ च्या क्राऊडस्ट्राइक प्रकरणातून समजून घेता येते.

त्या दिवशी काय घडले?

क्राऊडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने विंडोज संगणकांसाठी भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता एक अपडेट पाठवले आणि १०.५७ वाजता मागे घेतले. या ७८ मिनिटांचा फटका मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणकांना बसला. विमानसेवा, बँका, रुग्णालये विस्कळीत झाली. भारतात काही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. अनेक ठिकाणी एकेक संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून सदोष फाइल काढावी लागली.

मूळ चूक कोणती?

अपडेटमध्ये २१ रकान्यांची अपेक्षा होती, पण प्रोग्राम २० च मूल्ये पुरवत होता. एकविसावे मूल्य वाचताना तो नेमून दिलेल्या मेमरीच्या हद्दीबाहेर गेला. हा प्रोग्राम विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालत असल्याने अख्खा संगणकच बंद पडला. अ‍ॅरेची मर्यादा तपासावी, हा धडा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षीच शिकवला जातो.

मग अनुभव कमी पडला का?

उलट, पूर्वानुभवानेच फसवले. मार्च-एप्रिलमध्ये याच प्रकारचे चार घटक सुरळीत चालले होते. चाचण्या आणि त्या यशावर विसंबून नवा घटक पाठवल्याचे कंपनीने आपल्या अहवालात मान्य केले. मात्र आधीच्या घटकांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी अट होती. त्यामुळे ते मूल्य वाचण्याची वेळच आली नव्हती. आधी चालले, एवढे अनुभव सांगतो. ते का चालले, हे शोधायला ज्ञानच लागते.

अनुभवाचे मोल कुठे?

चूक होणारच, हे गृहीत धरण्यात. अपडेट आधी मोजक्या संगणकांवर सोडावे, परिणाम पाहावा, मगच पुढे जावे, ही सवय प्रत्यक्ष कामात ठेच लागून अंगी बाणते. घटनेनंतर कंपनीने मर्यादा तपासणारा कोड जोडला, तसेच अशा अपडेटसाठी टप्प्याटप्प्याने वितरणाची पद्धतही आणली. पहिला उपाय ज्ञानाचा, तर दुसरा अनुभवाचा आहे.

नवोदितांनी काय करावे?

अनुभव केवळ नोकरीतच मिळतो असे नाही. ओपन सोर्स प्रकल्पांत इतरांचा कोड वाचणे, त्रुटी दुरुस्त करणे, चाचण्या लिहिणे, ही प्रत्यक्ष कामेच आहेत. २००५ पासून सुरू असलेल्या ‘गूगल समर ऑफ कोड’मध्ये त्यासाठी मार्गदर्शकही मिळतात. कंपन्यांनीही केवळ अनुभवाची वर्षे मोजू नयेत. ‘तुमचा कोड कुठे फसला आणि कारण कसे शोधले?’ या एका प्रश्नात उमेदवाराचे ज्ञान आणि अनुभव दोन्ही कळतात.