मंद पंख्याच्या बाजूने

संगणकाच्या प्रोसेसरवरील कूलरला पंखा कोणता घ्यावा, असे कोणी विचारले की दुकानदारापासून शेजारच्या इंजिनिअर मुलापर्यंत बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : जो जास्तीत जास्त वारा फेकतो तो घ्या, थोडा आवाज होईल, पण प्रोसेसर थंड राहायला हवा तर तेवढे सोसलेच पाहिजे. या उत्तरात दोन विधाने एकमेकांच्या आधाराने उभी आहेत. पहिले असे, की वारा वाढेल त्या मानाने प्रोसेसर थंड होतो. दुसरे असे, की आवाज हा त्या थंडाव्याचा अटळ मोबदला असून शांत पंखा म्हणजे दुबळा पंखा. आजच्या कूलरपुरती ही दोन्ही विधाने खोटी आहेत, आणि त्यांचे खोटेपण कानाच्या नाजूकपणावर नव्हे तर साध्या हिशेबावर सिद्ध होण्याजोगे आहे.

पूर्वपक्षाच्या पदरात जे पडायला हवे ते मात्र आधी टाकले पाहिजे. 2000 सालच्या सुमारास एएमडीचे अ‍ॅथलॉन प्रोसेसर हौशी मंडळींत लोकप्रिय झाले, त्या काळी प्रोसेसरवर मूठभर आकाराचा धातूचा ठोकळा आणि त्याच्या डोक्यावर अवघ्या 60 मिलिमीटरचा पंखा बसविण्याचा शिरस्ता होता; त्यातले जोरकस पंखे मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेत, आणि त्यांची किंकाळी बंद दाराबाहेरही ऐकू येई. उष्णता काढून टाकायला जागाच इतकी तुटपुंजी, की वेगावाचून तरणोपाय नव्हता. पुढे उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या आल्या, त्या नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचे उंच मनोरे रचले गेले, आणि 120 व 140 मिलिमीटरच्या पंख्यांचा अंमल सुरू झाला. जुन्या निष्कर्षाला ज्या परिस्थितीने जन्म दिला ती अशी मुळापासून पालटली, तरी निष्कर्ष मात्र वंशपरंपरागत इनामासारखा बिनतक्रार चालू राहिला.

आता हिशेब पाहू. एकाच पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, दाब एकचतुर्थांश होतो, पंख्याला लागणारी शक्ती एकअष्टमांशावर येते आणि आवाज ढोबळ मानाने 15 डेसिबेलने उतरतो. दहा डेसिबेलचा उतार माणसाच्या कानाला साधारण निम्म्या आवाजासारखा वाटतो, हे ध्यानात घेतले म्हणजे पंधराचा उतार ही काही किरकोळ सूट नव्हे, हे कळून येईल. मग निम्मा वारा घालवून प्रोसेसरचे किती बिघडले? समजा, प्रोसेसर 100 वॉट उष्णता टाकतो आहे आणि पट्ट्यांमधून मिनिटाला 60 घनफूट हवा जात आहे. ती हवा सुमारे तीन अंशांनी तापून बाहेर पडेल. वारा 30 घनफुटांवर आणला तर ती सहा अंशांनी तापेल. फरक तीन अंशांचा! पट्ट्यांवरून हवेत उष्णता जाण्याची क्रियाही मंद वाऱ्यात थोडी ढिली पडते, तेव्हा आणखी काही अंश त्यात मिळवावेत. परंतु चिपच्या पृष्ठभागापासून वरच्या धातूच्या झाकणापर्यंत, झाकणापासून थर्मल पेस्टमधून कूलरच्या तळापर्यंत आणि तेथून नळ्यांपर्यंत उष्णतेच्या वाटेत जो अडथळा आहे, आणि आजच्या लहान चिपांच्या बाबतीत तो पुष्कळच मोठा आहे, त्याच्याशी पंख्याच्या वेगाचे काही देणेघेणे नाही. पंखा वादळासारखा फिरला तरी तो अडथळा तसूभर हटत नाही. ज्या यंत्राची स्वतःची मर्यादा 95 किंवा 100 अंश आहे, ते 68 अंशांवर आहे की 75 वर, यासाठी रात्रभर घोंघाट ऐकत बसणे हा शुद्ध घाट्याचा सौदा आहे.

यावर प्रतिपक्ष खोका पुढे करतो. खोक्यावर आकडे छापलेले असतात : वारा इतके घनफूट, आवाज इतके डेसिबेल, मोठा आकडा तो चांगला, लहान आकडा तो शांत, मग वाद उरतो कुठे? वाद उरतो तो त्या आकड्यांच्या अर्थातच. वाऱ्याचा आकडा पंख्यापुढे काहीही आडवे नसताना मोजलेला असतो, आणि दाबाचा आकडा वाट पूर्ण बंद करून, म्हणजे वारा शून्य असताना. कूलरवर बसलेला पंखा या दोन टोकांच्या मधे कुठेतरी, दाट पट्ट्यांशी झगडत काम करीत असतो. मोकळ्या वाऱ्याच्या आकड्यावरून त्याची परीक्षा करणे म्हणजे उघड्या माळावर धावणाऱ्या गड्याचा वेग मोजून तो बाजारच्या दिवशी पेठेतून किती लवकर पार होईल हे सांगण्यासारखे आहे. डेसिबेलच्या आकड्याची कैफियत याहून बिकट. कोणी एक मीटरवरून मोजतो, कोणी निराळ्या अंतरावरून. कोणी निःशब्द कक्षात, कोणी कुठे, हे खोका सांगत नाही. आणि मोजणारा पंखा मोकळाच टांगतो, कूलरवर बसवीत नाही. वास्तविक पंख्याच्या तोंडाशी जाळी किंवा पट्टी आली की आत शिरणारी हवाच विस्कळीत होऊन आवाज वाढतो, आणि हा दोष मागच्या बाजूपेक्षा हवा ओढून घेण्याच्या बाजूस अधिक जाचतो. एका कंपनीचा 22 दुसऱ्या कंपनीच्या 25 पेक्षा शांत असेलच, असे मानायला त्यामुळे कोणताही आधार नाही.

तर मग परीक्षा कोणती? माझ्या मते एकच : दोन पंखे एकाच कूलरवर चढवावेत, दोहोंचा आवाज सारखा होईपर्यंत त्यांचे वेग कमीजास्त करावेत, आणि मग प्रोसेसर कोणाखाली थंड राहतो ते पाहावे. कमाल वेगाची शर्यत येथे रद्दबातल होते. ज्या परीक्षणांत अशी समान आवाजावरची तुलना दिलेली असते तेवढीच वाचावीत, बाकीची खुशाल सोडून द्यावीत.

या परीक्षेत जे पंखे टिकतात त्यांच्यात काही गुण समान आढळतात. पाती रुंद आणि दाब राखणारी असतात, आणि पात्याचे टोक व भोवतालची चौकट यांतील फट शक्य तितकी अरुंद असते. कारण दाबाची बाजू आणि ओढीची बाजू यांच्यामधली चोरवाट तीच, हवा तिथूनच मागे परतते. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीने 2018 साली एनएफ-ए12एक्स25 हा 120 मिलिमीटरचा पंखा काढला, त्यात ही फट अर्धा मिलिमीटर ठेवली आहे. साध्या प्लॅस्टिकची पाती उष्णतेने आणि सततच्या फिरण्याच्या ताणाने वर्षानुवर्षे किंचित लांबत जातात, आणि एवढ्या अरुंद फटीत चौकटीला घासू लागण्याचा धोका असतो. म्हणून त्या पात्यांसाठी वेगळे, ताठ जातीचे पॉलिमर वापरावे लागले. त्या पंख्याची किंमत ऐकून दचकणाऱ्याला दोष देता येत नाही, आणि त्याचा तपकिरी रंग तर फारच थोड्यांना मानवतो. आर्क्टिक कंपनीच्या पी12 सारखा स्वस्त पंखाही दाबाकडे लक्ष देऊनच घडविलेला आहे आणि पाचांच्या गड्डीत मिळतो, तेव्हा चांगला पंखा म्हणजे श्रीमंतांचा षौक, ही तक्रारही दप्तरी दाखल करून घेण्याचे कारण नाही.

आवाज किती, याइतकाच आवाज कसला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नऊ पात्यांचा पंखा मिनिटाला 1200 फेरे घेत असेल तर सेकंदाला 180 वेळा एकेक पाते चौकटीच्या दांड्यासमोरून जाते, आणि त्याच स्वराची गुणगुण कानात भरते. पसरट, वाऱ्यासारख्या सुस्काऱ्याकडे मन दुर्लक्ष करते. एका स्वराची गुणगुण किंवा मोटारीची टिकटिक, मापकावर कमी भरली तरी, झोपू देत नाही. साध्या बुशिंगचा पंखा आडव्या आसावर वर्ष-दोन वर्षे चालला आणि वंगण आटले की घरघरू लागतो. द्रवावर तरंगणाऱ्या बेअरिंगचा पंखा घ्यावा, त्यात वाद नाही.

परंतु मंडनाचा मुख्य भाग पंख्यात नसून त्याच्या नियंत्रणात आहे, आणि येथेच चांगले चांगले पंखे बदनाम होतात. चार तारांच्या पंख्याला मदरबोर्ड चौथ्या तारेवरून 25 किलोहर्ट्झचा, म्हणजे कानाच्या पलीकडचा संकेत देऊन वेग ठरवितो. मूळ मांडणीत हा वेग प्रोसेसरच्या तापमानाबरोबर तत्काळ हलतो. आता ब्राउझर उघडला की चिपचे तापमान डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पंधरा-वीस अंशांनी उडी घेते आणि तितक्याच झटपट खाली येते. या अवधीत कूलरचा किलोभर धातू तापलेलादेखील नसतो. पट्ट्याच गार असताना त्यांच्यावर वारा घालून पंखा कोणती कामगिरी बजावतो? काहीच नाही, तो फक्त दर मिनिटाला एकदा भुंकतो. बायॉसमध्ये जाऊन वेग चढण्यास काही सेकंदांचा विलंब लावावा, 60-65 अंशांपर्यंत वेगाची रेषा सपाट ठेवावी आणि त्यापुढे हळूहळू चढवावी. फुकट होणाऱ्या या तजविजीने जितकी शांतता लाभते तितकी नवा पंखा घेऊनही क्वचितच लाभेल.

शेवटचा आणि सर्वांत सबळ आक्षेप हवामानाचा. परीक्षणे होतात विशी-बाविशीतल्या खोलीत. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर 45 अंश असतात आणि खोलीत 38. तेथे मंद पंखा कसा पुरणार? आक्षेप खरा, पण त्यातून निघालेला निष्कर्ष खरा नाही. खोलीपेक्षा थंड कोणताच पंखा करू शकत नाही. खोली सोळा अंशांनी तापली तर प्रोसेसरही तितकाच वर सरकतो, पंखा मंद असो की चपळ. त्यावरचा उपाय मोठ्या हीटसिंकात, म्हणजे पट्ट्यांच्या मोठ्या मनोऱ्यात आहे, आणि मोठ्या हीटसिंकालाच मंद पंखा शोभतो. शिवाय त्या दिवसांत छताचा पंखा पाचवर गरगरत असतो आणि त्याखाली प्रोसेसरचा कोणताही पंखा ऐकू येत नाही, तेव्हा उन्हाळ्यापुरती रेषा थोडी उचलून ठेवली तरी चालते. धूळ काढण्यास मात्र विलंब लावू नये : दाट पट्ट्यांत ती बसली की सगळा हिशेब फिसकटतो. ब्रशने झाडताना पाते बोटाने धरून ठेवावे म्हणजे बेअरिंगला धक्का बसत नाही.

उरला दुसऱ्या पंख्याचा मोह. मनोऱ्याच्या मागल्या बाजूस आणखी एक पंखा लावला की थंडावा दुप्पट, असे मानणारे कमी नाहीत. एकामागे एक लावलेले पंखे प्रामुख्याने दाब वाढवितात, वारा दुप्पट करीत नाहीत. लाभ बहुधा दोन-तीन अंशांचा आणि आवाजात भर तीन डेसिबेलची. शिवाय दोहोंचे वेग जवळजवळ सारखे असले की त्यांचे स्वर एकमेकांत मिसळून चढ-उतार होणारा हुंकार उठतो. हा त्रास इतका खरा आहे, की 2024 च्या एनएच-डी15 जी2 या कूलरबरोबर नॉक्टुआ कंपनीनेच दोन पंखे मुद्दाम थोड्या वेगळ्या वेगाचे दिले. तेवढी काळजी ज्या कूलरमध्ये घेतलेली नाही, त्याच्याबरोबर आलेल्या जास्तीच्या क्लिपा खोक्यातच राहू द्याव्यात.