पिछाडीची बाल्कनी
क्रूझचं बुकिंग करताना डावी बाजू घ्यावी की उजवी, यावर घराघरांत तासभर काथ्याकूट चालतो. जहाजाच्या पिछाडीची बाल्कनी मात्र फारशी कुणाच्या ध्यानीमनी नसते. नॉर्वेच्या गायरांगर फ्योर्डला जाणार असाल तर तीच घ्या, असं माझं ठाम मत. जेमतेम १५ किलोमीटरची ही अरुंद खाडी २००५पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिच्या एका कड्यावरून ‘सात बहिणी’ हा धबधबा कोसळतो, आणि समोरच्या कड्यावर त्यांना मागणी घालणारा एकटा धबधबा उभा. बाजूच्या बाल्कनीतून एका वेळी मुली तरी दिसतात, नाहीतर मुलगा. मागून दोन्ही पक्ष एकदम नजरेत येतात. शिवाय जहाज पुढे जात असताना समोरचा वारा जहाजाच्याच आडोशाला अडतो, त्यामुळे चहा निवांत होतो. (नॉर्वेत उन्हाळ्यातही ही चैनच.) तोटे आहेतच. धक्क्याला लागताना पंखे उलटसुलट फिरू लागले की पलंग थरथरतो. समुद्र खवळला की जहाजाची टोकं जास्त खालीवर होतात, म्हणून घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी मधलीच खोली बघावी. कधी धुराड्याची काजळी खुर्चीवर येऊन बसते. आणि पैसे भरण्याआधी जहाजाचा नकाशा नीट पाहा: डोक्यावर बुफेचा उघडा सज्जा असेल, तर भल्या सकाळी खुर्च्या सरकवल्याचे आवाज ऐकत उठावं लागेल.